डिस्चार्ज कार्डाच्या पुढचे उपचार आमच्या घरात चालतात : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचं घरी सोडल्यानंतरचं पुनर्वसन आणि त्यांना सांभाळणारी घरं

महोदय,

स. न. वि. वि.

डोक्याला जबर मार बसलेल्या माणसाचा जीव वाचवायची यंत्रणा आपल्या राज्यात उभी राहिली आहे, हे मी आधीच मान्य करते. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. केंद्रानं मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आणली. माझे मिस्टर आज जिवंत आहेत ते १०८ मुळे आणि फुले योजनेमुळे. त्यांचं डोक्याचं ऑपरेशन योजनेतून झालं, त्याचा एक रुपया आम्हाला भरावा लागला नाही. ज्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी त्यांना ओढून परत आणलं त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

या पत्रात मी त्याच्या पुढचं लिहिते आहे. डिस्चार्ज कार्ड हातात पडतं, गाडी घराकडं वळते, आणि तिथून शासनाची सगळी यंत्रणा आमच्या आयुष्यातून बाहेर पडते. उपचार मात्र तिथून सुरू होतात आणि ते वर्षानुवर्षं चालतात. करणारी माणसं कोण? बायको, आई, भाऊ, शाळकरी मुलगी. त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं, आणि ती कुठल्याही सरकारी कागदावर नसतात.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे. मिस्टरांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची, बोअरची मोटार जळली की पंचक्रोशीतले शेतकरी त्यांच्याकडं आणायचे. ऐन उसाच्या हंगामात, दिवेलागणीला, एका विहिरीवरचं काम उरकून ते मोटारसायकलवरून परत येत होते. रस्त्यात उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. हेल्मेट डोक्यावर होतं, पण पट्टा लावलेला नव्हता, ते आधी उडालं.

दवाखान्याच्या पहिल्या कागदावर लिहिलं होतं, जीसीएस ७. हा आकडा काय सांगतो ते मला फार नंतर समजलं. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही मोजणी मांडली. डोळे उघडतो का, बोलतो का, हात-पाय हलवतो का, यावर ३ ते १५ गुण. ८ किंवा त्याच्या खाली म्हणजे गंभीर इजा. मेंदूवर दाब येऊ नये म्हणून कवटीचा डावीकडचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला होता, तो पुढं काही महिन्यांनी परत बसवला. गळ्यात श्वासाची नळी, नाकात जेवणाची नळी. घरी आणलं तेव्हा नाकातली नळी तशीच होती.

कार्डावर गोळ्यांची नावं होती आणि खाली ‘महिन्याने दाखवणे’. बस्स. डाव्या बाजूला हाड नाही, तर त्या कुशीवर झोपवायचं नाही, हे आम्हाला शेजारच्या कॉटवरच्या एका पेशंटच्या बहिणीनं सांगितलं. नळीतून पेज देताना डोक्याकडची बाजू वर हवी, दिल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं, नाहीतर पेज छातीत जाते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे सगळं असंच इकडून तिकडून गोळा केलेलं ज्ञान. ज्यांना अशी शेजारची बहीण भेटत नाही, त्यांचं काय होत असेल?

शरीराचं तरी दिसतं. आम्हाला खरं हादरवलं ते त्याच्यानंतर. नळ्या निघाल्या, माणूस धरून धरून चालायला लागला, बोलायला लागला, आणि सगळं गाव म्हणालं, देवाची कृपा, बरा झाला. घरात मात्र आम्हाला कळत होतं की हे आमचे ते नाहीत. सकाळी उठून कॉटवर बसत, ते बसूनच राहत. ब्रश हातात दिला तर दात घासत, नाही दिला तर दुपारपर्यंत तसेच. पाहुणे म्हणत, लाडावलाय, जरा कामाला लावा. मेंदूचा कपाळामागचा भाग दुखावला की काम ‘सुरू करण्याची’ ताकदच जाते, माणूस आळशी झालेला नसतो, हे आम्हाला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी पुष्कळ महिन्यांनी समजावलं. तोवर आम्ही त्यांना किती टोचून बोललो असू.

मग राग. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर. पूर्वी आवाज न चढवणारा माणूस पोटच्या पोरीवर हात उगारायला लागला. गावात कुजबुज सुरू झाली, डोक्यावर परिणाम झाला म्हणून. कुणी देवऋषाचा पत्ता दिला, कुणी करणीचं सांगितलं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, चौथी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, “मार डोक्याला लागलाय, देवऋषी काय टाके घालणार हाय?” तो विषय त्यांनी तिथंच संपवला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी फिटची गोळी बदलली, कारण फिटवरच्या काही औषधांनी चिडचिड वाढते. हे घरी पाठवतानाच कुणी सांगितलं असतं, तर माझ्या मुलीनं ते दिवस दाराआड बसून काढले नसते. (ज्यांच्या घरी असं होतंय त्यांना विनंती, गोळी मनानं बंद करू नका. एकदम बंद केली तर फिट येते. डॉक्टरांना सांगा.)

वास गेला, हे तर आम्हाला योगायोगानं कळलं. ते स्वयंपाकघरात बसलेले, शेगडीचं बटण अर्धवट चालू, घरभर गॅस, आणि त्यांना पत्ताच नाही. डोक्याच्या जबर माराने वासाची नस तुटू शकते, आणि हे बऱ्याच जणांचं होतं. विटलेलं दूध, जळका वास, गॅस, काहीच समजत नाही. रिवाइंडिंगवाल्या माणसाला तर मोटार जळल्याची पहिली खबर नाकानं लागते.

आमच्या घरानं यातून जे शिकलं ते मी इथं थोडं सविस्तर लिहिते, कारण मला वाटतं, हेच कुणीतरी पहिल्या आठवड्यात शिकवायला हवं होतं.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासमोर उभा राहून विचारायचा, “ओळखलंस का मला?” मायेनंच विचारायचा. पण ज्याच्या आठवणींची घडी विस्कटली आहे त्याच्यासाठी ती परीक्षा असते. नाव आठवायचं नाही, घाम फुटायचा, आणि माणूस गेल्यावर दोन तास डोकं धरून पडून राहायचे. आत्यांनी मग उंबऱ्यात बसायला सुरुवात केली. येणाऱ्याला त्या सांगायच्या, आत गेल्यावर आधी आपलं नाव सांगायचं, ‘मी अमका, तमक्याचा भाऊ’, एका वेळी एकानं बोलायचं, टीव्ही लावायचा नाही, चहाएवढं थांबायचं आणि निघायचं. काही माणसं रागावली. आत्या हलल्या नाहीत. गोंगाटानं मेंदू लवकर थकतो आणि थकला की सगळंच बिघडतं, बोलणं, तोल, राग. कुठलंही पुस्तक न वाचता हे त्यांनी नुसतं लेकाच्या तोंडाकडं बघून ओळखलं होतं.

माझ्या नणंदेनं मोबाईलवर गजर लावले, प्रत्येक गजराला घरातल्याच कुणाचा तरी आवाज. सात वाजता मुलीचा, “पप्पा, ब्रश.” आठला भावजींचा, “दादा, गोळी घे.” भिंतीवर मोठं कॅलेंडर, झालेल्या दिवसावर त्यांनी स्वतः फुली मारायची. एक वही गळ्यातल्या दोरीला, काय झालं ते लगेच लिहायचं. मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिचे पाढे ती त्यांच्याकडून म्हणून घ्यायची, चुकले तर चूक म्हणायची नाही, आपण पुढची ओळ धरायची. तिला हे कुणी शिकवलं, माहीत नाही.

दुकानाचं सांगायचं राहिलं. त्यांची उधारी निम्मी वहीत आणि निम्मी डोक्यात असायची. डोक्यातली पुसली गेली. काही लोक म्हणाले, आम्ही तर पैसे दिले होते, त्यांना आठवत नाही त्याला आम्ही काय करू. त्याच गावातले दुसरे काही लोक, ज्यांची नावं आमच्या वहीत नव्हतीच, ते स्वतःहून येऊन आकडा सांगून पैसे ठेवून गेले. दोन्ही प्रकारची माणसं मी पाहिली, पण बाकीच्या घरांना या नशिबावर सोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि एक दिवस भावजींनी त्यांच्यासमोर सबमर्सिबलचा, म्हणजे पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारीचा, मोकळा स्टेटर (ज्याच्या खाचांत तार भरतात तो भाग) ठेवला. जुना, भंगारातला. सबमर्सिबलची तार स्लॉटमधून हातानं ओवावी लागते, एक माणूस या टोकाला, एक त्या टोकाला, वेढे मोजत. काल रात्री काय जेवलो ते ज्यांना आठवत नव्हतं, त्यांच्या बोटांनी तार बरोबर ओवली, ताण बरोबर धरला, खाचेतलं इन्सुलेशन सरकलं ते न बघता नीट केलं. हातांची आठवण आणि डोक्याची आठवण मेंदूत वेगवेगळ्या जागी असतात, असं त्याच मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी नंतर समजावलं. वेढे मात्र बारा-पंधराच्या पुढं मोजता येत नाहीत, मध्येच हरवतात. म्हणून आता समोरच्या टोकाला भावजी बसतात आणि मोठ्यानं मोजतात. पूर्वी जे काम दिवसात व्हायचं त्याला तीन दिवस लागतात. पण होतं. दुकानाचं शटर सकाळी उघडतं.

आता कागदांकडे येते. आम्ही दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेलो. हात तपासले, पाय तपासले, चालून दाखवा म्हणाले. हात हलतात, पाय चालतात, म्हणून टक्केवारी ४० च्या खाली लागली, आणि ४० च्या खाली असलेल्याला बहुतेक योजनांचं दार बंद. आठवण किती राहते, व्यवहार कळतो का, एकटं घरी ठेवता येतं का, राग आवरतो का, यातलं काही कुणी मोजलंच नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अपघातात मेंदूला झालेली इजा हा प्रकार त्यांत स्वतंत्रपणे नाही. मग या माणसाला कुठल्या तरी दुसऱ्या खान्यात बसवावं लागतं, आणि बसला नाही तर तो बाहेर. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या अपंगत्वाच्या कायद्यात हा स्वतंत्र प्रकार १९९० मध्येच आला. कायदा बदलणं केंद्राच्या हातात आहे, हे मला समजतं. पण मेंदूला मार लागलेल्या प्रत्येक अर्जदाराची मानसशास्त्रीय तपासणी झाल्याशिवाय टक्केवारी लिहायची नाही, एवढं परिपत्रक काढणं तर राज्याच्या हातात आहे. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग २०२२ मध्ये याच राज्यानं काढला.

त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा व्यक्तींसाठी काळजीवाहकाचा भत्ता, असं स्पष्ट लिहिलं आहे. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना आश्वासकिरणम योजनेतून महिन्याला ६०० रुपये देतात. ६०० रुपयांत काही होत नाही, मान्य. पण त्या बाईचं काम सरकारनं कागदावर घेतलं आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघातात मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या खटल्यात, तिला सांभाळणाऱ्या दोन माणसांचा दरमहाचा खर्च धरून, तो पुढच्या वर्षांसाठी गुणून भरपाई दिली. सांभाळणाऱ्याच्या कामाला किंमत आहे असं देशाचं सर्वोच्च न्यायालय म्हणतं. मी शिवणकाम करायचे, ते सोडलं. नणंदेनं लग्न एक वर्ष पुढं ढकललं. हे कुठल्या खात्यात जमा आहे?

‘कुटुंबाचा आधार’ हा शब्द तुमच्या विभागांच्या भाषणांत येतो आणि लोकांना बरं वाटतं. मला त्यावर थोडं कडवट बोलायचं आहे. आमचं घर सात माणसांचं, म्हणून निभावलं. पण त्या वॉर्डात मी एक नवी नवरी पाहिली. स्कूटरवरून मागं बसून पडलेली, बोलणं अडखळत होतं. सासरची माणसं पहिले काही दिवस आली, मग वडीलच येऊन तिला माहेरी घेऊन गेले. नवरा जखमी झाला तर बायको नोकरी सोडते, अंगावरचं सोनं मोडते, आणि ते सगळ्यांना साहजिक वाटतं. बायको जखमी झाली तर तिला माहेरी पोचवणंही तितकंच साहजिक वाटतं. ऊसतोडीला आलेल्या मजुराला मार लागला तर त्याचं गाव दोनशे कोस दूर, फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, त्याला कूस कोण बदलून देणार? ज्याला घर नाही त्याच्यासाठी शासनाकडं दुसरं काय आहे, हा प्रश्न ‘कुटुंबाचा आधार’ म्हटल्यानं सुटत नाही, झाकला जातो.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असं केंद्राचा अहवाल सांगतो. गेलेल्यांत ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे. जखमींपैकी किती जण डोक्याला मार लागून घरी आले आणि आज कुठल्या अवस्थेत आहेत, ते त्या आकड्यातून कळत नाही. ही मोजणी आशाताई करू शकतात. त्यांना गावातलं प्रत्येक घर माहीत असतं. फक्त त्यांच्या वहीत तो रकाना छापा, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना द्या, फुकट आणखी एक ओझं नको.

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे. चांगलं काम आहे, पण आठवड्याला दोनदा फिजिओथेरपी घ्यायची तर सातारच्या गावातून हाजी अली म्हणजे कुठं? जो रिक्षा सांगून गाडीत बसवेपर्यंत थकतो, त्याला प्रवासच सोसत नाही. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते, पुढंही वर्षानुवर्षं होत राहते. ते पहिले सहा महिने घरोघरी वाया जात आहेत, आणि योजनेतल्या पैशाचा भर रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांवर आहे. कवटी उघडायला सरकार लाखो रुपये देतं, मग त्याच माणसाला पुन्हा चमचा धरायला शिकवण्याचे पैसे कुणी द्यायचे?

म्हणून आमचं मागणं असं. डिस्चार्जच्या आधी घरातल्या दोन माणसांना वॉर्डातच तीन दिवस शिकवा, नळी, कूस, गोळ्या, फिट आली तर काय करायचं, आणि राग-विसराळूपणा-थकवा हे आजाराचा भाग आहेत, हेही. नुसतं तोंडी नको, त्यांच्याकडून करून घ्या, आणि ते केल्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही नको. सोपं मराठी पुस्तक आणि मोबाईलवर ऐकता येईल अशी ध्वनिफीत द्या, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्याचा एक ठरलेला वार मेंदूच्या इजेच्या रुग्णांसाठी राखून ठेवा, त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट, वाचातज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एका छताखाली भेटू देत. फुले योजनेत घरी गेल्यानंतरच्या सहा महिन्यांच्या पुनर्वसनाचा खर्च धरा. २४ व्या कलमातला भत्ता सुरू करा. सांभाळणाऱ्या बायकांनाही कुणाशी तरी बोलावं लागतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर छापायला काहीच खर्च नाही. आणि हंगाम सुरू होण्याआधी साखर कारखान्याच्या गेटवर रिफ्लेक्टर नसलेली एकही ट्रॉली आत घेऊ नये, असा आदेश परिवहन विभागाकडून काढून घ्या.

आमच्या तालुक्यातली अशी नऊ घरं आम्ही शोधून काढली आहेत. महिन्यातून एकदा आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसतो. एक आई येते, तिच्या कॉलेजातल्या मुलाला आता रस्ता ओलांडायचा अंदाज येत नाही. एक निवृत्त शिक्षक येतात, बायकोला घेऊन. जे जमलं ते एकमेकांना सांगतो. आमच्या उपजिल्हा रुग्णालयात दुपारी दोननंतर ओपीडीची एक खोली रिकामी असते. ती खोली आठवड्यातून एक दुपार आम्हाला मिळावी, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञांनी महिन्यातून एकदा तिथं यावं, असा अर्ज आम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांकडं दिला आहे. त्याची पोच आमच्याकडं आहे, उत्तर अजून नाही. नव्यानं घरी आलेल्या पेशंटच्या माणसांना शिकवायला आत्या येणार आहेत, मी येणार आहे. त्या अर्जावर आपण ‘मंजूर’ असा शेरा मारावा, ही विनंती.

आपली नम्र,
एका मोटार रिवाइंडिंगवाल्याची पत्नी
जि. सातारा